केप ऑफ गुड होप: भूगोल, इतिहास आणि प्रत्यक्ष भेटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात या भूशिराचा उल्लेख एका ओळीत येतो: वास्को द गामा इथून वळून भारतात आला. ते वळण इतके अवघड का होते, हे मात्र त्या ओळीत सांगितलेले नसते. त्याचे उत्तर वारा, प्रवाह आणि ऋतू यांच्या हिशोबात आहे, आणि पुढची बरीच उत्तरे त्याच हिशोबाकडे येतात.

केप ऑफ गुड होप नेमके कुठे आहे?

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात. केप टाउन शहरापासून दक्षिणेकडे सुमारे ५० किलोमीटर लांबीचा एक अरुंद, डोंगराळ द्वीपकल्प समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या पश्चिमेला अटलांटिकचे उघडे पाणी आणि पूर्वेला फॉल्स बे हा रुंद उपसागर आहे. द्वीपकल्पाच्या शेवटाला एक टोक नसून तीन आहेत. पश्चिमेकडून पाहिले तर आधी केप ऑफ गुड होप, मग लहानसे केप मॅक्लिअर आणि पूर्वेला केप पॉइंट. पहिल्या आणि तिसऱ्या टोकात सरळ रेषेत दोन किलोमीटरहून थोडे जास्त अंतर आहे. केप ऑफ गुड होपचे अक्षांश ३४°२१′ दक्षिण आणि रेखांश १८°२८′ पूर्व.

फोटो पाहताना इथे हमखास गल्लत होते. लाकडी फलकामागे उभे राहून काढलेला, खडकाळ किनाऱ्यावरचा फोटो केप ऑफ गुड होपचा असतो. उंच कड्यावरच्या दीपगृहाचा फोटो केप पॉइंटचा. दोन्ही जागा एकाच राखीव क्षेत्रात आहेत, पण तिथे जाणारे रस्ते वेगळे फुटतात.

हे आफ्रिकेचे दक्षिण टोक आहे ना?

नाही. दक्षिण टोक म्हणजे केप अगुल्हास. ते इथून आग्नेयेला सुमारे १५० किलोमीटरवर, ३४°५०′ दक्षिण अक्षांशावर आहे. केप ऑफ गुड होपच्या फलकावरही ‘आफ्रिका खंडाचे सर्वांत नैऋत्येकडचे टोक’ असेच लिहिले आहे, आणि ते बरोबर आहे.

मग मान या टोकाला का मिळाला? युरोपातून येणारे जहाज आफ्रिकेचा पश्चिम किनारा धरून हजारो किलोमीटर दक्षिणेकडे जात राहते. या टोकाजवळ किनारा पहिल्यांदा ठामपणे पूर्वेकडे वळतो. खलाशाच्या दृष्टीने वाट इथे वळते. शिवाय हे टोक उंच आहे आणि लांबून ओळखू येते. अगुल्हास सपाट, बसके आहे. समुद्रावरून येणाऱ्याला ते वेळेत दिसतच नाही, आणि त्याच्यासमोर उथळ पाण्याचा विस्तीर्ण पट्टा आहे.

हिंदी महासागर आणि अटलांटिक इथेच भेटतात का? पाण्यात रेषा दिसते म्हणतात.

नकाशावरची अधिकृत सीमा अगुल्हासमधून जाणारे २०° पूर्व रेखावृत्त ही आहे. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेने ती तशी ठरवली आहे. प्रत्यक्ष पाण्याला मात्र अशी रेषा नसते. पूर्वेकडून येणारा उष्ण अगुल्हास प्रवाह आणि पश्चिम किनाऱ्यावरून उत्तरेकडे वाहणाऱ्या बेंग्वेला प्रवाहाचे थंड पाणी यांची सरमिसळ अगुल्हास ते केप पॉइंट या पट्ट्यात होते, आणि ती जागा ऋतूनुसार, वाऱ्यानुसार सरकत राहते.

अगुल्हास प्रवाहाचे मुख्य पाणी अटलांटिकमध्ये जातच नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेला ते जवळपास उलटे वळून पुन्हा पूर्वेकडे निघते. त्या वळणावर कधीकधी प्रचंड भोवरे तुटून वेगळे होतात आणि उष्ण, खारट पाणी घेऊन अटलांटिकमध्ये वाहत जातात. हिंदी महासागराचे पाणी अटलांटिकला पोहोचते ते मुख्यतः या भोवऱ्यांतून.

केप पॉइंटवरून खाली दिसणारी फेसाची रेघ ही महासागरांची शिवण नव्हे. पाण्याखालचे खडक आणि टोकाभोवती वळणारे स्थानिक प्रवाह यांमुळे ती उमटते. दुसऱ्या दिवशी ती दुसरीकडे असते, किंवा नसतेच.

केपचा समुद्र इतका धोकादायक का?

उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला धोका वेगळा असतो. तो वेगळाच समजून घ्यावा.

इथला उन्हाळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या काळात आग्नेयेकडून जोरदार वारा सलग काही दिवस वाहतो. केप टाउनकर त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात, कारण तो शहरातली धूळ आणि घाण वाहून नेतो असे मानले जाई. दक्षिण गोलार्धात वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी वाऱ्याच्या डावीकडे सरकते. त्यामुळे हा वारा पश्चिम किनाऱ्यावरचे पाणी बाहेर लोटतो आणि त्याच्या जागी खोलातले थंडगार पाणी वर येते. भर उन्हाळ्यात अटलांटिक बाजूचे पाणी १० ते १४ अंश सेल्सिअस असते ते यामुळेच. डोंगराच्या पलीकडे फॉल्स बेमध्ये त्याच दिवशी ते कितीतरी कोमट असू शकते.

हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि एकामागून एक थंड आघाड्या, म्हणजे सरकत येणाऱ्या थंड हवेच्या कडा, येऊन आदळतात. आघाडीच्या आधी वायव्येचा सोसाट्याचा वारा आणि पाऊस येतो. ती पुढे गेली की वारा नैऋत्येला फिरतो. दिशा अशी फिरली की दोन बाजूंच्या लाटा एकमेकींवर चढतात.

तिसरा धोका केपच्या पूर्वेला, डर्बन ते ईस्ट लंडन या पट्ट्यात आहे. तिथे अगुल्हास प्रवाह नैऋत्येकडे वाहतो आणि त्याचा वेग ताशी चार-पाच समुद्री मैलांपर्यंत जातो. समोरून, दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा ईशान्येकडे येतात. विरुद्ध प्रवाहात शिरली की लाटेची लांबी आखडते, उंची वाढते आणि तिचा चढ जवळजवळ भिंतीसारखा उभा होतो. पुढे तितकीच खोल दरी. १९०९ च्या जुलैमध्ये डर्बनहून केप टाउनकडे निघालेली ‘वाराटाह’ ही प्रवासी आगबोट २११ माणसांसह याच किनाऱ्यावर बेपत्ता झाली. ती आजवर सापडलेली नाही. नैऋत्येच्या वादळाचा इशारा आला की जहाजाने २०० मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरकावे, हा इथला जुना आणि उपयोगी पडलेला नियम आहे. प्रवाहाचा जोर खंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेला सर्वांत जास्त असतो, आत तो ओसरतो.

हे टोक आधी कोणी ओलांडले?

पुराव्यानिशी सांगता येणारे पहिले नाव बार्थोलोम्यू डायस या पोर्तुगीज दर्यावर्दीचे. त्याआधीचे दोन उल्लेख मात्र माहीत असावेत. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० मध्ये इजिप्तच्या नेको राजाने पाठवलेल्या फिनिशियन खलाशांनी आफ्रिकेला वळसा घातला, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. पश्चिमेकडे जाताना सूर्य उजव्या हाताला होता, हे त्यांचे म्हणणे त्याला स्वतःला पटले नव्हते. पण विषुववृत्ताच्या दक्षिणेला दिसायला हवे ते हेच. दुसरा उल्लेख व्हेनिसच्या फ्रा माउरोच्या, १४५० च्या सुमाराच्या नकाशावर आहे. १४२० च्या आसपास हिंदुस्थानाकडून आलेले एक मोठे गलबत दक्षिणेच्या टोकापलीकडे गेल्याची टीप त्याने लिहिली आहे. या दोन्हींना दुसरा कुठला आधार मिळत नाही. त्यामुळे शक्यता म्हणून त्यांची नोंद घ्यावी, याहून जास्त नाही.

डायसने टोक न पाहताच ओलांडले, हे खरे का?

खरे आहे. तो ऑगस्ट १४८७ मध्ये लिस्बनहून तीन जहाजे घेऊन निघाला. आजच्या नामिबियाच्या दक्षिणेला प्रतिकूल वारे लागल्यावर त्याची जहाजे किनारा सोडून खोल समुद्रात गेली. कित्येक दिवस जमीन दिसली नाही. मग पूर्वेला वळले तरी किनारा लागेना. उत्तरेकडे तोंड वळवल्यावर ३ फेब्रुवारी १४८८ रोजी किनारा लागला तो आजच्या मॉसेल बेचा, म्हणजे टोक कधीच मागे पडले होते. पुढे आणखी पूर्वेला क्वाईहुक इथे त्याने १२ मार्चला दगडी क्रूसस्तंभ उभारला. खलाशी पुढे यायला तयार नव्हते, म्हणून तो परत फिरला. टोक त्याला दिसले ते या परतीच्या वाटेवर. त्या स्तंभाचे तुकडे १९३८ मध्ये इतिहासकार एरिक ॲक्सेल्सन यांना सापडले.

डायसला हे टोक शेवटी जिवानिशी भोवले. १५०० मध्ये काब्राल या पोर्तुगीज कप्तानाच्या भारताकडे निघालेल्या ताफ्यात तो होता. मे महिन्याच्या अखेरीस केपच्या परिसरात वादळाने चार जहाजे बुडवली. त्यातले एक डायसचे होते.

‘वादळांचे भूशिर’ हे नाव बदलून ‘गुड होप’ कोणी केले?

पोर्तुगीज इतिहासकार बारोस लिहितो की डायसने वादळांवरून नाव दिले आणि भारताची वाट खुली होईल या आशेने राजा दुसरा जॉन याने ते बदलले. डायसला प्रत्यक्ष भेटलेला पोर्तुगीज दर्यावर्दी दुआर्ते पाशेको परेरा मात्र ‘गुड होप’ हे नाव डायसनेच दिल्याचे लिहितो. गोष्ट म्हणून पहिली जास्त रंगते, त्यामुळे तीच पसरली. साक्षीदार म्हणून आम्ही दुसऱ्याला जास्त वजन देतो.

वास्को द गामाने वेगळे काय केले?

त्याने किनारा धरलाच नाही. ८ जुलै १४९७ ला लिस्बन सोडून केप व्हर्डे बेटांवर थांबल्यावर तो दक्षिण अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे मोठा वळसा घालून गेला आणि सुमारे तीन महिने जमिनीच्या नजरेआड राहिला. कारण साधे होते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत वारा आणि प्रवाह दोन्ही उत्तरेकडे, म्हणजे तोंडावर येतात. पश्चिमेचा वळसा घेऊन दक्षिणेला गेले की पश्चिमी वारे पाठीशी मिळतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो केपच्या उत्तरेकडच्या सेंट हेलिना बेला लागला, २२ नोव्हेंबरला केप ओलांडले आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. पुढची साडेतीन शतके शिडाच्या जहाजांनी थोड्याफार फरकाने हाच वळसा घेतला.

गोव्याला येणाऱ्या जहाजांना केपचे वेळापत्रक का पाळावे लागे?

दोन टोकांचे ऋतू एकमेकांत अडकलेले होते. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघायचे, केपच्या दक्षिणेने वळून जुलै-ऑगस्टपर्यंत मोझांबिक गाठायचे आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या उतरत्या जोरावर अरबी समुद्र ओलांडून सप्टेंबरमध्ये गोव्याला लागायचे. त्याआधी येऊन उपयोग नसे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ वाळूचा दांडा साचतो आणि मोठ्या जहाजाला आत शिरता येत नाही. लिस्बनहून निघायला उशीर झाला तर मोसमी वारा हुके आणि अख्खा हंगाम मोझांबिकात काढावा लागे. तिथल्या हिवतापाने खलाशी मरत.

परतीला डिसेंबर-जानेवारीत गोवा किंवा कोचीन सोडले की मार्च-एप्रिलमध्ये, हिवाळी वादळांच्या आधी, केप ओलांडता येई. प्रत्यक्षात मिरीच्या खरेदीत, भरणीत उशीर होई. मिरी जितकी जास्त तितका नफा जास्त, म्हणून डेकवरसुद्धा माल रचला जाई. उष्ण पाण्यात किड्यांनी पोखरलेला तळ, जास्तीचा भार, जुनी शिडे आणि मे-जूनमधले समोरून येणारे पश्चिमी वारे एवढे सगळे एकत्र आले की जहाज वाचत नसे. कोचीनहून निघालेले ‘साव जोआव’ १५५२ मध्ये असेच दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडील नाताळ या प्रदेशाच्या किनाऱ्याजवळ फुटले. किनाऱ्यावर पोहोचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढच्या पायपिटीत भूक आणि तहानेने गेले.

कोकणाशी केपच्या इतिहासाचा काही थेट संबंध आहे का?

आहे. भारतातला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा याचा मुलगा लोरेन्सो मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत मारला गेला. सूड घ्यायला निघालेल्या अल्मेडाने त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस वाटेतल्या दाभोळवर हल्ला करून बंदर जाळले आणि लोकांची सरसकट कत्तल केली. फेब्रुवारी १५०९ मध्ये त्याने दीवची लढाई जिंकली. पद सोडून पोर्तुगालला परतताना त्याची जहाजे पाण्यासाठी टेबल बेमध्ये, म्हणजे आजच्या केप टाउनसमोरच्या उपसागरात, थांबली. तिथे त्याच्या माणसांची खोईखोई पशुपालकांशी बाचाबाची झाली. धडा शिकवायला म्हणून सुमारे दीडशे जणांची तुकडी वस्तीवर चालून गेली आणि गुरे व मुले घेऊन निघाली. खोईखोईंनी शिकवलेल्या बैलांच्या आडून दगड आणि भाल्यांचा मारा केला. वाळूत जड पावलांनी मागे फिरणाऱ्या पोर्तुगिजांपैकी साठहून जास्त मारले गेले, त्यात खुद्द अल्मेडाही होता. तारीख १ मार्च १५१०. त्यानंतर पोर्तुगीज जहाजे टेबल बेला थांबणे टाळू लागली.

दाभोळ जाळणाऱ्याचा शेवट ज्यांच्या हातून झाला त्यांना युरोपीय नोंदींमध्ये नावे नाहीत, आणि आपल्याकडेही ही घटना फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली जावी असे आम्हाला मनापासून वाटते.

केपवर आधी कोण राहत होते, आणि डच आल्यावर काय झाले?

शिकार आणि कंदमुळांवर जगणारे सान, आणि सुमारे दोन हजार वर्षांपासून मेंढ्या, पुढे गुरे पाळणारे खोईखोई. ६ एप्रिल १६५२ रोजी यान फान रीबेक डच ईस्ट इंडिया कंपनीचा तळ उभारायला टेबल बेला उतरला. हेतू वसाहतीचा नव्हता. हॉलंड ते जावा या प्रवासात ताजे अन्न न मिळाल्याने खलाशी स्कर्व्हीने मरत, म्हणून वाटेत भाजी, पाणी आणि मांस मिळण्याची सोय हवी होती. भाजीसाठी कंपनीने मळा केला. मांसासाठी मात्र खोईखोईंची गुरे लागत. देवाणघेवाण पुरेनाशी झाली. १६५७ मध्ये कंपनीने नोकरांना शेतीसाठी जमिनी वाटल्या आणि दोन वर्षांतच पहिली लढाई झाली. १७१३ मध्ये एका जहाजातल्या धुण्याच्या कपड्यांबरोबर देवीची साथ आली. तिने खोईखोई समाजाचे कंबरडे मोडले.

१७९५ मध्ये ब्रिटिशांनी केप घेतले, १८०३ मध्ये परत दिले आणि १८०६ मध्ये पुन्हा, कायमचे घेतले. कारण एकच: हिंदुस्थानची वाट.

भारतीय माणसे तिथे गुलाम म्हणून नेली गेली का?

हो, आणि याची जाणीव आपल्याकडे फार कमी आहे. १६५२ ते १८०८ या काळात सुमारे ६३,००० गुलाम केपला आणले गेले. त्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतीय उपखंडातला होता, मुख्यतः बंगाल, कोरोमंडल आणि मलबार किनाऱ्यांवरचा. दफ्तरात मूळ नाव क्वचितच राही. एक मालकाने ठेवलेले नाव आणि पुढे ‘फान बेंगालन’, ‘फान मलाबार’ अशी जोड. पुष्कळांना महिन्यांची नावे दिली. आजही केप टाउनमध्ये फेब्रुवारी आणि सप्टेंबर ही आडनावे आढळतात. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, पण सक्तीच्या ‘उमेदवारी’तून, म्हणजे जुन्या मालकाकडेच राबण्यातून, सुटका १ डिसेंबर १८३८ ला झाली. केप टाउनमधली कंपनीची गुलामांची इमारत, स्लेव्ह लॉज, आता संग्रहालय आहे. केप पॉइंटला जाणाऱ्याने अर्धा दिवस तिथेही द्यावा.

केप पॉइंटवर दोन दीपगृहे का?

पहिले चुकीच्या उंचीवर बांधले गेले. १८५९ चे जुने दीपगृह कड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटरवर आहे. उंच तितके चांगले, असा हिशोब होता. पण दमट वारा कड्यावर आपटून वर चढला की थंड होतो आणि नेमका माथ्यावर ढग धरतो. खाली समुद्र स्वच्छ असला तरी वरचा दिवा ढगात. आकाश निरभ्र असे तेव्हा उलटा घोळ होई. दिवा फार लांबून दिसे, किनारा अजून दूर आहे असे वाटे आणि जहाजे नको तितकी जवळ येत. १८ एप्रिल १९११ च्या रात्री ‘लुसिटानिया’ ही पोर्तुगीज प्रवासी आगबोट केप पॉइंटच्या दक्षिणेला बेलोज रॉक या खडकावर चढली. बहुतेक लोक वाचले, आगबोट गेली. त्यानंतर खाली, समुद्रापासून ८७ मीटर उंचीवर नवे दीपगृह बांधले. ते १९१९ मध्ये सुरू झाले. दर ३० सेकंदांना तीन झोत, ही त्याची ओळख. (टायटॅनिकच्या काळातली प्रसिद्ध ‘लुसिटानिया’ वेगळी. ती ब्रिटिश होती आणि १९१५ मध्ये आयर्लंडजवळ बुडाली.)

आतल्या रस्त्यालगत दोन पांढरे क्रूस दिसतात, ते कशासाठी?

एक डायसच्या, दुसरा द गामाच्या नावाने आहे. स्मारक तर ते आहेतच, पण नौकानयनाच्या खुणाही आहेत. समुद्रावरून पाहताना हे दोन क्रूस एका रेषेत आले की ती रेषा फॉल्स बेमधल्या व्हिटल रॉक या पाण्याखालच्या खडकाकडे जाते. फॉल्स बेच्या काठावरच्या सायमन्स टाउन या गावाच्या बाजूला खुणांची दुसरी जोडी आहे. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे खडक. म्हणजे दोन्ही जोड्या एकदम जुळत असतील तर जहाज भलत्याच जागी आहे.

फॉल्स बे हे नावही अशाच चुकीतून आले. पूर्वेकडून परतणारे खलाशी उपसागराच्या पूर्व तोंडाचे केप हँगक्लिप हेच केप पॉइंट समजून उत्तरेला वळत आणि टेबल बेऐवजी या उपसागरात शिरत.

इथला खडक कुठला? एवढे सरळ कडे कसे?

तळाशी सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आणि त्याहून जुने मऊ शेल. त्यावर ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या वाळूचा टेबल माउंटन वालुकाश्म. जवळजवळ शुद्ध गारगोटीच्या कणांचा हा दगड झिजायला फार कठीण असतो. त्याला उभ्या भेगा असतात. लाटा पायथा पोखरतात, वरचा भाग भेगेवर तुटून सरळ पडतो आणि कडा पुन्हा उभाच राहतो. केप पॉइंटला हा वालुकाश्म पार समुद्रापर्यंत उतरलेला आहे. ग्रॅनाइट पाहायचा तर सायमन्स टाउनजवळच्या बोल्डर्स किनाऱ्यावरचे गोल धोंडे पाहा. दोन्हींची सीमा सर्वांत स्पष्ट दिसते ती चॅपमन्स पीकच्या रस्त्यावर. १९२२ मध्ये खुला झालेला हा रस्ता बराचसा याच सीमेवर कोरलेला आहे. खाली कठीण ग्रॅनाइटचा पाया आणि वर फोडायला सोपे थर.

हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा फॉल्स बे कोरडे मैदान होते. समुद्र आजच्यापेक्षा वर चढला होता तेव्हा हा द्वीपकल्प बेट होता.

झाडे का नाहीत? सगळीकडे झुडपेच दिसतात.

या झुडपांच्या राज्याला फेनबॉस म्हणतात, आणि ते उजाड नाही. राखीव क्षेत्र सुमारे ७,७५० हेक्टर आहे आणि त्यात हजाराहून जास्त वनस्पती-जाती आहेत: प्रोटिया, एरिका, गवतासारखे रेस्टिओ. वालुकाश्माची माती अत्यंत निकस असते, वारा सतत असतो, उन्हाळा कोरडा असतो. अशा ठिकाणी मोठे झाड टिकत नाही. फेनबॉसला वणवा लागतो. अनेक प्रोटियांची बीजे कठीण बोंडांत वर्षानुवर्षे बंद राहतात आणि झुडूप जळाल्यावरच बाहेर पडतात. पुष्कळ जातींची बीजे धुरातल्या रसायनांनी रुजतात. साधारण दहा-पंधरा वर्षांनी वणवा ठीक. दर चार-पाच वर्षांनी लागला तर रोपे बीज धरण्याआधीच जळतात आणि जात त्या जागेवरून नाहीशी होते. ऑस्ट्रेलियन बाभळी आणि पाइन हे दुसरे संकट. ते पाणी ओढतात आणि वणवा जास्त भडकवतात, म्हणून ते तोडणे सतत चालू असते.

सुएझ कालवा झाल्यावर केपचे महत्त्व संपले का?

कमी झाले, संपले नाही. १८६९ नंतर मुंबई ते लंडन हा प्रवास केपमार्गे जाण्यापेक्षा सुमारे ८,००० किलोमीटरने कमी झाला. ताशी १४ समुद्री मैल वेगाने हे जवळपास तेरा दिवस होतात. पण १९६७ ते १९७५ कालवा बंद होता आणि सगळी वाहतूक पुन्हा केपवरून गेली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे मोठ्या कंटेनर कंपन्यांनी पुन्हा हीच वाट धरली.

शिडाच्या पृथ्वीप्रदक्षिणेत केप आजही चुकत नाही. दक्षिण अमेरिकेचे हॉर्न आणि ऑस्ट्रेलियाचे लीविन यांच्याबरोबरीने हे तिसरे महत्त्वाचे टोक. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे (२००९-१०) आणि अभिलाष टॉमी (२०१२-१३) यांनी मुंबईहून निघून एकट्याने प्रदक्षिणा केली. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ वर्तिका जोशी आणि नौदलाच्या पाच सहकारी अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये गोव्याहून निघून याच टोकाला वळसा घालून परत आणली.

केप टाउनहून कसे जायचे? किती वेळ ठेवावा?

अंतर एका बाजूला सुमारे ६५ किलोमीटर. न थांबता दीड तास लागतो, पण पूर्ण दिवस ठेवा. टोकापर्यंत सार्वजनिक बस किंवा रेल्वे नाही. भाड्याची गाडी किंवा सहलीची बस हेच पर्याय. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात. जाताना चॅपमन्स पीकमार्गे जा (टोल आहे, आणि दरड पडायची शक्यता असेल तर रस्ता बंद असतो) आणि येताना सायमन्स टाउन, म्युझेनबर्गमार्गे या. अशाने सकाळचे ऊन पाठीशी राहते. पेट्रोल सायमन्स टाउनला किंवा त्याआधीच भरा. फाटकापासून केप पॉइंटचा वाहनतळ आणखी सुमारे १३ किलोमीटर आत आहे.

फाटक उन्हाळ्यात सकाळी ६ ला आणि हिवाळ्यात ७ ला उघडते. वेळा आणि शुल्क बदलतात, परदेशी पाहुण्यांचे शुल्क जास्त असते, म्हणून आदल्या दिवशी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. पीतज्वराच्या देशातून येत असाल तर लसीचा दाखलाही.

आधी थेट केप पॉइंटला जा. दहानंतर सहलीच्या बसेस येतात. जुन्या दीपगृहापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटांची चढण आहे. गुडघे दुखत असतील तर ५८५ मीटर लांबीच्या रुळांवरून वर नेणारी गाडी आहे, पण तिच्या वरच्या थांब्यापासूनही पायऱ्या चढाव्या लागतातच. मग वाहनतळावरून केप ऑफ गुड होपपर्यंतची लाकडी पायवाट घ्या, जाऊन-येऊन दीड ते दोन तास. वाटेत खाली डायस बीच दिसतो. उतरायला लांबलचक जिना आहे. पोहायला मात्र तिथे मुळीच जाऊ नका. लाट आत ओढते आणि मदतीला कोणी नसते.

बबून (इथली मोठी माकडे) खरेच त्रास देतात का?

देतात, आणि दोष माणसांनी लावलेल्या सवयीचा आहे. एकदा पिशवीत केळी मिळाली की ते प्रत्येक पिशवी तपासतात. गाडीचे कुलूप न लावलेले दार त्यांना उघडता येते, म्हणून आत बसलेले असतानाही दारे कुलूपबंद आणि काचा वर ठेवा. खाणे उघड्यावर काढू नका. बबूनने पिशवी धरलीच तर सोडून द्या. मोठ्या नराचे सुळे लांब असतात आणि ओढाताणीत माणूस हमखास जखमी होतो. त्यांना खायला घालणे हा गुन्हा आहे. माणसांना सरावलेल्या बबूनला शेवटी मारून टाकायची वेळ येते, त्यामुळे दिलेला एक घास त्याच्याच जिवावर उठतो.

कोणत्या महिन्यात जावे?

मार्च-एप्रिल सर्वांत चांगले: वारा पडलेला, पाऊस सुरू व्हायचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फेनबॉस फुललेले असते आणि फॉल्स बेमध्ये सदर्न राइट देवमासे दिसतात. डिसेंबर-जानेवारीत गर्दी आणि आग्नेयेचा वारा दोन्ही जोरात. टोपीला दोरी हवी, आणि लहान मुलांना कठड्यापाशी हात धरूनच उभे करा. हिवाळ्यात पाऊस असतो, पण आघाडी निघून गेल्यावरच्या एक-दोन दिवसांत हवा इतकी स्वच्छ असते की फॉल्स बेपलीकडचे हँगक्लिप लख्ख दिसते.

अगुल्हासही एकाच दिवसात होईल का?

दोन्ही टोके एका दिवसात करू नका. केप टाउनहून अगुल्हास सुमारे २२० किलोमीटर, एका बाजूला अडीच ते तीन तास आहे, आणि केप पॉइंटहून तिकडे जाणारा जवळचा रस्ता नाही, कारण मध्ये फॉल्स बे आहे. अगुल्हासला १८४९ चे दीपगृह आणि किनाऱ्यावर दोन महासागरांची सीमा दाखवणारी खूण आहे. एक मुक्काम ठेवून, हर्मानसला देवमासे पाहत गेलात तर तो प्रवास सार्थकी लागतो.